स्फटिकात सममिती मोडते. मग रबरात आणि काचेत नेमके काय मोडते?

सातपूरचा रबरवाला

सातपूरच्या एका लहान कारखान्यात मी गेली अठरा वर्षे रबराचे कंपाउंड तपासण्याचे काम करतो. त्याआधी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केले होते, आणि तेव्हा वहीत उतरवलेले एक वाक्य अजून डोक्यातून गेलेले नाही: घन पदार्थ कडक असतो, कारण त्यात स्थानांतर-सममिती मोडलेली असते. द्रवात कोणतीही जागा दुसऱ्या जागेसारखीच असते. स्फटिकात तसे नसते. अणू कुठे बसणार हे जाळी ठरवते, आणि एक अणू हलवायचा तर शेजारचे सगळे ओढले जातात. इथपर्यंत मला पटते.

अडचण रोजच्या कामात येते. रिओमीटरच्या (तापताना रबर किती कडक होते ते मोजणाऱ्या यंत्राच्या) तापलेल्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, मी चार-पाच ग्रॅम कच्चा माल ठेवतो, १६० अंशांवर खालची डाय अर्ध्या अंशाने इकडून तिकडे डुलत राहते, आणि पडद्यावर टॉर्कची, म्हणजे त्या डुलण्याला होणाऱ्या विरोधाची, रेघ उमटू लागते. आधी ती खाली येते, कारण माल तापून मऊ होतो; थोडा वेळ तळाशी रेंगाळते; मग स्कॉर्च सुरू झाला, म्हणजे माल पक्का व्हायला लागला, की चढू लागते आणि अखेर सपाट होते. काही मिनिटांपूर्वी बोटाने दाबला की दबलेलाच राहणारा माल आता दाब काढताच मूळ आकारावर येतो. म्हणजे त्या चढावर कुठेतरी द्रवाचा घन झाला. पण क्ष-किरणांखाली पाहिले तर आधीही जाळी दिसत नाही आणि नंतरही दिसत नाही. सरासरी घनता सगळीकडे सारखीच आहे. मग सममिती मोडली कुठे? खिडकीच्या काचेबद्दलही माझा हाच प्रश्न आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, गणित थोडे आले तरी चालेल.

गोदातीर

प्रश्न नेमका विचारला आहे. मी निवृत्त प्राध्यापक असल्यामुळे उत्तर लांबणार, त्याची आधीच क्षमा मागतो.

आधी स्फटिक. संपूर्ण स्फटिक जसाच्या तसा उचलून शेजारी ठेवला, तर त्याला ऊर्जा लागत नाही, कारण निसर्गाचे नियम इथे आणि तिथे सारखेच आहेत. पण स्फटिकाने अनेक सारख्या जागांपैकी एक निवडलेली असते. आता तो सगळा एकसारखा न सरकवता डावीकडे थोडा कमी आणि उजवीकडे थोडा जास्त, असा अगदी हळूहळू बदलत सरकवला, तर ऊर्जा लागते, पण फार थोडी. सरकणे जितक्या संथपणे बदलेल तितकी कमी. या बदलाच्या वर्गाला गुणणारा जो आकडा असतो, तोच स्थितिस्थापकतेचा गुणांक. अशा संथ लाटांना गोल्डस्टोन लाटा म्हणतात. नाम्बू यांनी १९६० साली आणि गोल्डस्टोन यांनी १९६१ साली हा विचार कण-भौतिकीत मांडला. घन पदार्थातला ध्वनी हे त्याचेच घरगुती रूप आहे: एक अनुलंब लाट आणि दोन आडव्या. द्रवातही ध्वनी असतो, पण त्यात आडव्या लाटा लांबवर जात नाहीत. घन आणि द्रव यांतला खरा फरक तिथेच आहे, आणि त्या आडव्या लाटेचा वेग ज्यावर ठरतो त्याला, म्हणजे तिरक्या ताणाला होणाऱ्या विरोधाला, आपण वर्गात शिअर मॉड्युलस म्हणतो.

आता तुमचे रबर. नाशिककर आहात म्हणून एक चित्र देतो. पर्वणीच्या दिवशी रामकुंडावरच्या गर्दीचा गच्चीवरून फोटो काढा आणि तासाने दुसरा काढा. दोन्ही फोटोंत गर्दी तेवढीच दिसेल, पण पहिल्यात जो माणूस जिथे होता तिथे दुसऱ्यात कोणीतरी दुसराच असेल. हा द्रव. आता गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार घ्या. तिथे कोणतीही रांग सरळ नाही. पालेभाजीवाली, भांडीवाला, सुकी मासळी, जुने कपडे, सगळे वेडेवाकडे पसरलेले असतात; वरून पाहिले तर कुठलीही जाळी दिसणार नाही. पण पुढच्या बुधवारी पुन्हा फोटो काढून पहिल्यावर ठेवला, तर जवळजवळ प्रत्येक माणूस आपापल्या जागी सापडतो. नियमितपणा नाही, पण जागा ठरलेल्या आहेत. अस्फटिकी घन पदार्थात मोडते ती सममिती ही अशी आहे.

म्हणून एकाच फोटोवरून, म्हणजे सरासरी घनतेवरून, ती दिसत नाही. प्रत्येक कणाची जागा निश्चित होते, पण त्या जागा यादृच्छिक असल्यामुळे सगळ्यांची बेरीज केली की उत्तर शून्य येते. दोन फोटोंचा गुणाकार करून मग बेरीज केली, तर मात्र ती शून्य येत नाही. सॅम एडवर्ड्स आणि फिलिप अँडरसन यांनी १९७५ साली स्पिन ग्लाससाठी (ज्यात अणूंची चुंबकत्वे वेड्यावाकड्या दिशांनी गोठतात अशा पदार्थासाठी) जो ऑर्डर पॅरामीटर, म्हणजे सममिती किती मोडली हे सांगणारा आकडा, सुचवला, त्याचे मर्म हेच आहे: सरासरीचा वर्ग नव्हे, तर वर्गाची सरासरी. पुढे डीम आणि एडवर्ड्स यांनी १९७६ साली रबराच्या जाळ्यासाठी याच दिशेने गणित मांडले, आणि नव्वदच्या दशकात पॉल गोल्डबार्ट, होरासिओ कास्टिलो आणि अॅनेट झिपेलियस यांनी व्हल्कनायझेशनच्या, म्हणजे रबराच्या साखळ्या जोडल्या जाऊन अखंड जाळे होण्याच्या, क्षणाचा सिद्धांत उभा केला. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली गंधक आणि उष्णता यांचा जो परिणाम हाती लागला, त्याला सममितीभंगाची भाषा मिळायला दीडशे वर्षे लागली.

त्या सिद्धांतातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की, सगळे कण सारखेच जखडले जात नाहीत. जोडाजवळचा भाग थोडाच डुलतो, जोडांपासून दूरचा साखळीचा भाग पुष्कळ लांबपर्यंत हिंडतो, आणि कोण किती हिंडते याचे एक वाटपच सिद्धांतातून निघते. स्फटिकात असे वैविध्य नसते. शिवाय अखंड जाळे तयार होण्याच्या उंबरठ्यापासून पुढे गेलेल्या अंतराला ε म्हटले, तर जाळ्यात अडकलेल्या कणांचा वाटा ε च्या प्रमाणात वाढतो, पण शिअर मॉड्युलस ε च्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे सममिती मोडते तेव्हा कडकपणा येतो खरा, पण अगदी लाजत लाजत येतो.

जुन्या वाड्यातला

अडाण्याचा एक प्रश्न. आमच्या वाड्याच्या माडीवरच्या रंगीत काचा खालच्या बाजूला जाड आहेत, आणि काच हा फार संथ वाहणारा द्रव असल्यामुळे त्या ओघळल्या, असे आजोबा सांगत. मग काचेत जागा ठरलेल्या आहेत असे कसे म्हणता येईल?

गोदातीर

आजोबांची क्षमा मागून सांगतो की, तसे नाही. जुन्या पद्धतीने बनवलेली तावदाने मुळातच असमान जाडीची असत, आणि बसवणारा बहुधा जड बाजू खाली ठेवत असे. ब्राझीलच्या झानोट्टो यांनी १९९८ साली हिशेब करून दाखवले की, खोलीच्या तापमानाला काच ओघळण्यासाठी लागणारा काळ विश्वाच्या वयापेक्षाही कितीतरी मोठा आहे.

तरीही प्रश्नात एक खरा काटा आहे. रबरात गंधकाचे जोड कायमचे असतात. काचेत तसे कायमचे जोड कोणी घातलेले नसतात, शेजाऱ्यांनीच एकमेकांना कोंडलेले असते. म्हणून अनंत काळ थांबलो तर काच वाहील, हे तत्त्वतः मान्य करावे लागते. पण ताण दिलेला स्फटिकही अनंत काळात आपल्या थरांची पुनर्रचना करून तो ताण सोडवू शकतो. तेव्हा 'अनंत काळ' ही कसोटी लावली तर जगात एकही घन पदार्थ उरणार नाही, आणि अशी कसोटी कामाची नाही.

अंजनेरी

माझे घर नाशिक रोडला आहे आणि सध्या मी बाहेरगावी याच विषयाच्या आसपास पीएच.डी. करते. सरांचे बुधवारच्या बाजाराचे उदाहरण मी माझ्या पुढच्या सादरीकरणात वापरणार आहे, परवानगी गृहीत धरते. पण माझ्या मते त्यांनी प्रश्नाच्या अर्ध्याच भागाचे उत्तर दिले आहे. कडकपणा *असतो का*, हे सममिती सांगते. तो *किती* असतो, हे ती एकटी सांगत नाही.

आइस्क्रीमच्या चार काड्या घ्या आणि चार कोपऱ्यांवर टाचण्या टोचून चौकोन करा. प्रत्येक काडी कडक आहे, पण चौकोन बोटाने ढकलला की तिरका होऊन पडतो. एक काडी कर्णावर टोचली की तो हलेनासा होतो. मॅक्सवेल यांनी १८६४ साली हा हिशेब मांडला. प्रतलात प्रत्येक सांध्याला सरकायच्या दोन दिशा असतात, म्हणून चार सांध्यांच्या आठ. त्यांतून पूर्ण चौकोन सरकण्याच्या दोन आणि फिरण्याची एक वजा केली की पाच उरतात, आणि पाच काड्या लागतात. हाच हिशेब घासण नसलेल्या गोल गोळ्यांच्या ढिगाला लावला, तर प्रत्येक गोळीला सरासरीने प्रतलात चार आणि अवकाशात सहा शेजाऱ्यांचा स्पर्श हवा. त्याहून कमी असेल तर ढीग कोलमडतो, आणि बरोबर तेवढाच असेल तर तो उंबरठ्यावर उभा असतो.

गोळ्या कशाही ओतल्या आणि हळूहळू दाबत नेल्या, तर त्रिमितीत जागेचा सुमारे ६४ टक्के भाग भरला की हा उंबरठा येतो. बाजारात संत्री रचतात तशी नीट रचना केली तर ७४ टक्क्यांपर्यंत जाता येते. या ६४ टक्क्यांपाशी होणाऱ्या बदलाला जॅमिंग म्हणतात. लिऊ आणि नागेल यांनी १९९८ साली त्याकडे काच, फेस आणि वाळू यांच्या सामाईक प्रश्नासारखे पाहायला सुरुवात केली. मऊ गोळ्यांच्या संगणकी नमुन्यांत असे दिसले की, उंबरठा ओलांडताच सगळीकडून दाबण्याला होणारा विरोध एकदम येतो, पण तिरका ताण दिल्यावरचा विरोध, म्हणजे शिअर मॉड्युलस, शून्यापासून वर्गमुळाप्रमाणे हळूहळू वाढतो. स्पर्शांची जादा संख्याही त्याच वर्गमुळाने वाढते.

इथे मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट येते. साध्या स्फटिकात प्रत्येक अणूच्या एका बाजूला शेजारी असेल, तर बरोबर विरुद्ध बाजूलाही तसाच शेजारी असतो. म्हणून स्फटिक तिरका ताणला की दोन्हीकडून येणारी बळे एकमेकांना खोडतात आणि अणू मुकाट्याने ताणाबरोबर सरकतो. विस्कळीत पदार्थात ही स्थानिक केंद्र-सममिती नसते. ताण दिला की प्रत्येक कणावर उरलेले एखादे बळ राहते, आणि ते फेडण्यासाठी कण ताणाच्या सरळ वाटेवरून थोडा बाजूला घसरतो. या जादा घसरण्याला नॉन-अफाइन विस्थापन म्हणतात. त्यात ऊर्जा कमी होते, म्हणून पदार्थ अपेक्षेपेक्षा मऊ निघतो. धातूंच्या काचांची घनता त्यांच्या स्फटिकांपेक्षा टक्का-दोन टक्केच कमी असते, पण त्यांचा शिअर मॉड्युलस सुमारे २० ते ३० टक्क्यांनी कमी भरतो. अणू तेच आणि बंधही जवळपास तेच. बदलली आहे ती शेजाऱ्यांची मांडणी. झाक्कोने आणि स्कोसा-रोमानो यांनी २०११ साली हा हिशेब हाताने करून दाखवला: सरळ वाटेचे योगदान स्पर्शांच्या संख्येच्या प्रमाणात येते, घसरण्याने होणारी वजाबाकी मितीच्या दुपटीइतकी येते, आणि म्हणून त्रिमितीत स्पर्श सहावर आले की मॉड्युलस संपतो. मॅक्सवेल यांचा सहा हा आकडा पुन्हा त्याच जागी, पण वेगळ्या वाटेने.

म्हणजे मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे की, इथे दोन सममिती मोडतात. एक संपूर्ण पदार्थाची, जी कडकपणा देते. दुसरी प्रत्येक कणाच्या अंगणातली, जी त्यातला काही भाग परत काढून घेते.

रबरवाले काका, तुमच्या रिओमीटरबद्दल एक सावधगिरी सांगते. तुमच्या टॉर्कचा बहुतेक चढ उंबरठ्याच्या फार पुढचा आहे. सरासरीने दर साखळीला साधारण एक जोड झाला की अखंड जाळे तयार होते, आणि चांगल्या क्युअर झालेल्या, म्हणजे पक्क्या झालेल्या, रबरात त्याच्या कितीतरी पट जोड असतात. शिवाय कच्च्या रबराच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे मिनिटाला शंभर वेळा डुलणाऱ्या डायला तो कच्चा मालही थोडा कडकच भासतो. खरा उंबरठा तुमच्या रेषेच्या तळाशी, जिथे काहीच घडत नाही असे वाटते, तिथे लपलेला असणार.

मांडव आणि कैची

मी स्थापत्य अभियंता आहे आणि वडिलांचा मांडवाचा धंदा होता. गणपतीचा मांडव उभा करताना आमचे जुने कारागीर चार वासे बांधून झाले की ते हाताने हलवून पाहत आणि म्हणत, 'कैची मार.' मॅक्सवेल यांचे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते. एवढीच भर घालतो की, नुसती काड्यांची संख्या पुरत नाही. पाचवी काडी कर्णावर न लावता आधीच्याच एका काडीच्या शेजारी बांधली, तर हिशेब जुळतो आणि चौकोन तरीही पडतो.

आणखी एक शंका आहे. बरणीतल्या तांदळात लाटणे खुपसून बरणी ठोकत राहिलो, तर शेवटी लाटण्याला धरून सगळी बरणी उचलता येते. हा जॅमिंगचाच प्रकार ना? पण तांदूळ एकमेकांवर घासतात.

अंजनेरी

पहिले म्हणणे अगदी बरोबर आहे. काही भागात गरजेपेक्षा जास्त काड्या आणि काही भागात कमी, असे असेल तर सरासरी फसवते. जॅमिंगच्या गोळ्यांत सरासरी इतकी चांगली चालते, ही खरे तर आश्चर्याची गोष्ट आहे.

तांदळाबद्दलही शंका रास्त आहे. घासण असली की बळ फक्त समोरासमोर न लागता बाजूनेही लागते, म्हणून त्रिमितीत सहाऐवजी चार स्पर्शही पुरू शकतात. त्यापेक्षा स्वच्छ प्रयोग स्वयंपाकघरात आहे: हवा काढून बंद केलेले डाळीचे पाकीट. ते विटेसारखे आपटता येते, आणि कात्रीने कोपरा कापला की त्याच क्षणी ते हातात ढिले पडते. डाळ तीच आणि जागाही जवळजवळ तीच. गेला तो बाहेरून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा हवेचा दाब, आणि त्याच्याबरोबर कडकपणा.

निफाडकर

आमच्याकडे कांद्याची चाळ आहे. चाळ भरताना थर फार उंच घेतला की खालच्या कांद्यापेक्षा आधी बाजूची पट्टी फुगते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. स्फटिकाच्या बाबतीत 'इथून इतका सरकला' असे म्हणता येते, कारण जाळीची मूळ जागा माहीत असते. कांदा भरताना कोणी मूळ जागा ठरवलेली नसते. भरता भरताच त्यात ताण बसतो. मग विस्थापन मोजायचे कशापासून?

अंजनेरी

हा प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे, आणि तो चाळीतून आला याचा मला फार आनंद झाला.

पट्टी का फुगते, याचे उत्तर यान्सेन यांनी १८९५ साली दिले: धान्याचे वजन सगळेच खाली जात नाही, त्यातले पुष्कळ घासणीमार्फत भिंतींवर पडते, म्हणून उंच कोठाराच्या तळावरचा दाब एका मर्यादेपुढे वाढत नाही.

मूळ जागेबद्दल २०२० साली एक सुंदर काम झाले, आणि त्यात हैदराबादची टीआयएफआर, बंगळुरूची आयसीटीएस आणि अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठ अशा ठिकाणचे संशोधक होते. त्यांनी विस्थापन हा शब्दच सुरुवातीला वापरला नाही. हातात फक्त एवढेच घेतले की, प्रत्येक दाण्यावरच्या बळांची आणि फिरवणाऱ्या आघूर्णांची बेरीज शून्य असली पाहिजे. ही अट विद्युत-क्षेत्रासाठीच्या गॉसच्या नियमासारखी दिसते. फरक एवढाच की इथे प्रभाराच्या जागी दिशा असलेले बाह्य बळ येते आणि क्षेत्राच्या जागी प्रतिबलाचा टेन्सर, म्हणजे आतल्या बळांचा दिशांनुसार मांडलेला तक्ता. मग विस्कळीतपणा काय करतो? विद्युत-क्षेत्रात ठेवलेली काच किंवा तेल जसे आतून प्रतिसाद देऊन ते क्षेत्र क्षीण करते, तसा विस्कळीत पदार्थ त्या प्रतिबलाच्या क्षेत्राला प्रतिसाद देतो, आणि त्या प्रतिसादाच्या गुणांकातूनच स्थितिस्थापकतेचे गुणांक बाहेर येतात. मूळ स्थितीची गरज राहत नाही. तुमच्या चाळीला हे लागू आहे असे मी म्हणेन, फक्त कांदे कुजून मऊ होतात तो भाग सोडून.

गोदातीर

अंजनेरी यांचे लेखन वाचून समाधान वाटले, पण एका ठिकाणी मतभेद नोंदवतो. 'कडकपणा देणारी' आणि 'काढून घेणारी' अशी दोन सममितींची वाटणी ऐकायला नेटकी आहे. पण थंडीत काच जे करते ते तिच्यात बसत नाही. डिबाय यांनी १९१२ साली दाखवले की, नुसत्या ध्वनिलाटा असतील तर कमी तापमानाला विशिष्ट उष्मा तापमानाच्या घनाने उतरतो. काचेतही ध्वनिलाटा आहेत, म्हणून तेच अपेक्षित होते. झेलर आणि पोल यांनी १९७१ साली मोजले तेव्हा एक केल्विनच्या खाली काचेचा विशिष्ट उष्मा जवळजवळ तापमानाच्या सरळ प्रमाणात निघाला, म्हणजे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. पुढच्याच वर्षी अँडरसन, हॅल्परिन आणि आपले चंद्र वर्मा यांनी, आणि स्वतंत्रपणे फिलिप्स यांनी, असे सुचवले की काचेत काही अणुसमूहांना जवळजवळ सारख्याच दोन जागा असतात आणि ते त्यांच्यात क्वांटम बोगद्यातून, म्हणजे मधला ऊर्जेचा अडसर न ओलांडताच, ये-जा करतात. बाजाराच्या भाषेत सांगायचे तर काही विक्रेत्यांनी दोन-दोन जागा धरून ठेवलेल्या आहेत. मग 'जागा ठरलेल्या आहेत' हे माझे स्वतःचेच विधान ढिले पडते.

अंजनेरी

सर, मतभेद मान्य आहे, आणि तो याहूनही खोल जातो. जॉर्जो पारिसी यांनी १९७९ साली स्पिन ग्लाससाठी जो उपाय शोधला, ज्यासाठी त्यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला, त्यात जागांच्या आत जागा, त्यांच्या आत आणखी जागा, अशी उतरंड येते. अनंत मितींतल्या कडक गोळ्यांचे गणित २०१४ साली सुटले, तेव्हा तिथेही काचेच्या आत असा आणखी एक बदल असल्याचे निघाले, ज्याला एलिझाबेथ गार्डनर यांचे नाव आहे. त्या बदलापाशी पोहोचले की नेहमीच्या मॉड्युलसच्या पुढचे, ताणाच्या वरच्या घातांचे गुणांक अनंताकडे जातात, असे बिरोली आणि उर्बानी यांनी २०१६ साली दाखवले. म्हणजे 'थोडा ताण दिला तर थोडा प्रतिसाद' ही शाळेपासूनची हूकच्या नियमाची वाटच तिथे अरुंद होत जाते. अनंत मितींतले हे चित्र आपल्या तीन मितींत किती टिकते, यावर मात्र अजून वाद चालू आहेत.

सातपूरचा रबरवाला

उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, कारण मध्ये प्रयोग केला.

काळा माल घेतला नाही, कारण कार्बन ब्लॅक रबराला स्वतःच धरून ठेवतो आणि निकाल बिघडवतो. १०० भाग नैसर्गिक रबराला अडीच भाग गंधक, झिंक ऑक्साइड, स्टिअरिक आम्ल आणि अॅक्सिलरेटर, एवढाच साधा माल मिलवर काढला. रिओमीटरमध्ये सहा नमुने ठेवले आणि प्रत्येक वेगळ्या वेळी बाहेर काढून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकला. मग प्रत्येकाचा हरभऱ्याएवढा तुकडा टोल्यूइनच्या बाटलीत तीन दिवस ठेवला; या द्रवात सुट्या साखळ्या विरघळतात, पण अखंड जाळे विरघळत नाही.

पहिला नमुना, रेघ अजून उतरत असतानाचा, पूर्ण विरघळला. बाटलीत नुसते घट्ट पाणी. दुसऱ्या नमुन्याच्या वेळी रेघ तळाशी अगदी आडवी होती, टॉर्क आधीच्यापेक्षा किंचित कमीच होता, आणि माझ्या अठरा वर्षांच्या अनुभवाने मी त्याला 'अजून कच्चा' असा शेरा दिला असता. त्या बाटलीत द्रव गढूळ झाला होता, पण तळाशी बोराएवढा, जवळजवळ अदृश्य असा एक थरथरता लगदा राहिला होता. चमच्याने उचलायला गेलो तर तो चमच्यावरून ओघळला, पण तुटला नाही. शेवटचा, पूर्ण क्युअर झालेला तुकडा फक्त फुगला होता आणि त्याच्या कडा तशाच धारदार होत्या.

अंजनेरीताई, उंबरठा पहिल्या आणि दुसऱ्या बाटलीच्या मध्ये आहे आणि तिथे माझ्या यंत्राची रेघ काहीच सांगत नाही. आता त्या दोन वेळांच्या मध्ये दर पाच सेकंदांनी एक, असे आठ नमुने काढायचे ठरवले आहे. लगद्याचे वजन सुकवून मोजले तर सरांनी सांगितलेला ε च्या प्रमाणातला वाटा दिसायला हवा. घनाने वाढणारा मॉड्युलस मोजण्याइतके नाजूक साधन माझ्याकडे नाही. चमच्यावरून ओघळणाऱ्या लगद्याचा मॉड्युलस कसा मोजतात, हे कोणी सांगितले तर तो रविवारपर्यंत बाटलीत जपून ठेवतो.